उजवीकडची सैल वेणी

बोरिवली (पूर्व),
३० जुलै २०२४

ती. नमितावहिनीस,
रत्नाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दादा गेल्यावर ही पत्रं बंद पडणार असं मी धरूनच चालले होते. मला फोनवर ऐकू येत नाही म्हणून दर पंधरा दिवसांनी पत्र टाकायची सवय त्याची. ती तू न सांगता उचललीस. ह्याबद्दल तुला समोरासमोर काही बोलायला हवं, पण ते मला जमायचं नाही, म्हणून इथेच लिहिते.

आता कामाचं. पंचवीस ऑगस्टला आपली निधी सोळा वर्षांची होतेय. ड्रेस घेतला तर तिला आवडत नाही, पुस्तक दिलं तर ते थेट कपाटात जातं. म्हणून ठरवलं, ह्या वेळी केसांचं मशीन द्यायचं. काल स्टेशनजवळच्या निमेशभाईंच्या दुकानात गेले आणि माझी वाट लागली गं! एक मशीन केस सरळ करायचं, एक कुरळे करायचं, एक नुसते फुगवायचं. एकाला तर तीन जाड नळ्या शेजारी शेजारी, त्यात केस दाबले की लाटा पडतात म्हणे. मला तो करंजीचा साचाच वाटला. निमेशभाई बिचारे घसा फोडून सांगत होते. मला काही कळत नाही म्हटल्यावर शेवटी त्यांनी एका कागदावर सगळ्यांची चित्रं काढून दिली.

आपल्या वेळी काय होतं? खोबरेल तेल, लाल रिबीन आणि दादाच्या गुडघ्यांत दाबून धरलेलं माझं डोकं. आई कामावर गेलेली असायची, त्यामुळे माझी वेणीफणी त्याच्याकडे.

तर निधीला काय हवंय ते तिला कळू न देता काढून घे आणि मला कळव.

लोभ आहे तो असाच राहू दे.
तुझी,
रत्ना


मुलुंड (पूर्व),
८ ऑगस्ट २०२४

चि. सौ. रत्नास,
अनेक आशीर्वाद. (तू माझ्याहून वर्षभराने मोठी असलीस तरी नात्याने आशीर्वाद माझेच, ते मुकाट घे.)

तुझी करंजी वाचून स्टाफरूममध्ये एकटीच हसत बसले. बाकीच्या नर्सना वाटलं, हिला झालं तरी काय.

पण रत्ना, निधी काही काढून घेऊ देत नाही गं. वाढदिवसाला काय हवं विचारलं, तर म्हणाली की काही नको, पार्लरमध्ये जाऊन केस मानेपर्यंत कापून येणार. मी नको म्हटलं तर दोन दिवस अबोला. तिच्या बाबांनी पहिलीपासून जपलेले केस आहेत ते. दहावीचं अख्खं वर्ष तिने एक रबर लावून काढलं, मला हात लावू दिला नाही. पूर्वी कसे लाटालाटांचे होते, आता नुसते सपाट पडतात. वयाबरोबर बदलतात म्हणे. सव्वा वर्षात ती बाबांबद्दल चकार शब्द बोललेली नाही. मी विषय काढला की उठून जाते. केस गेले की तेही संपलं, अशी मला भीती वाटते.

माझी सकाळची ड्युटी, म्हणून वेण्या ह्यांच्याकडे होत्या. कौतुकाने सांगायचं तर पुष्कळ आहे, पण वेणी काही त्यांना आली नाही. डावी दोरखंडासारखी घट्ट आणि उजवी सैल. मधल्या सुट्टीपर्यंत सुटायची. शाळेतून डायरीत शेरा आला तेव्हा मी त्यांना फार बोलले, की नऊ वर्षं झाली तरी तुमच्या हाताला वळण कसं ते नाही. ते नुसते हसले.

तू सरळ करायचंच मशीन घे. तिच्या कॉलेजात सगळ्या मुलींचे केस इस्त्री केल्यासारखे असतात. ज्यांचे सरळ आहेत त्याही आणखी सरळ करतात. कदाचित त्या नादाने तरी कापायचं राहील.

आठवण ठेव, जिवाला जप.
तुझी,
नमितावहिनी


बोरिवली (पूर्व),
१६ ऑगस्ट २०२४

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तू म्हणालीस तसं सरळ करायचं मशीन घेतलं. सोबत कुरिअरने पाठवते आहे. बिल डब्यातच आहे, महिन्याभरात बदलून मिळतं. निमेशभाईंची चित्रकलाही आत टाकलीय, तिला हसायला.

वहिनी, दादाला वेणी येत होती. हे तुला कधीच कळलं नाही, ह्यात चूक माझी आहे.

आम्ही अंधेरीच्या चाळीत होतो तेव्हा आई पार्ल्याला बिस्किटांच्या कारखान्यात जायची. सहाला घर सोडायची. दादा दहा वर्षांचा, मी सहाची. माझा उजवा कान तेव्हा सारखा फुटायचा. त्या बाजूचा केस जरा ओढला गेला तरी कळ मस्तकात जायची. पहिल्या दिवशी त्याने दोन्ही वेण्या छान घट्ट घातल्या आणि मी अशी किंचाळले की तोच घाबरून रडायला लागला. दुसऱ्या दिवसापासून डावी घट्ट आणि उजवी सैल, कानावरून अलगद फिरवलेली. शाळेत मुली हसायच्या. कानातून पाणी येतं हे कळू नये म्हणून मी त्याला शपथ घातली होती, कुणाला सांगायचं नाही. त्या वेड्याने ती तुझ्यासमोरसुद्धा पाळली. सात वर्षं माझं डोकं त्याच्या हाताखाली होतं. तेच वळण हाताला बसलं आणि निधीच्या केसांत उतरलं. त्याचं त्यालाही कळलं नसेल.

कान पुढे गेला तो गेलाच. पण दादाच्या हातून तो परत कधी दुखला नाही.

सोमवारी राखीपौर्णिमा. दादा गेल्यापासूनची ही दुसरी, त्या दिवशी हातांना काम सापडत नाही. आज हा डबा बांधला, तेवढंच बरं वाटलं.

गणपतीला येतेच आहे. तोवर माया पातळ करू नकोस.
तुझी,
रत्ना


मुलुंड (पूर्व),
१ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
निधीचा शि. सा. न. वि. वि. (इथपर्यंत आईने सांगितलं तसं लिहिलं. पुढचं माझं.)

आत्या, रागावू नको हं. तू दिलेला स्ट्रेटनर मी बदलून आणला. बसने बोरिवलीला गेले, तुझ्या बिल्डिंगखालून गेले आणि वर आले नाही. भीती वाटली.

माझे केस आधीच सरळ आहेत गं. तुम्ही दोघीही विसरलात. लाटा माझ्या नव्हत्या, बाबांच्या वेण्यांच्या होत्या. रोज घालायचे, त्यामुळे सोडल्या तरी लाटा राहायच्या. बाबा गेले त्या सकाळीही त्यांनीच वेण्या घातल्या होत्या. त्या मी तीन दिवस सोडल्या नाहीत. मग केस धुवायलाच लागले आणि सगळं सरळ झालं. त्यानंतर मला आरशात बघायला नको वाटायचं. म्हणून कापणार होते. आईला हे सांगायला जमत नव्हतं, कारण मी रडले तर ती रडणार.

डब्यातल्या कागदावर तीन नळ्यांचं चित्र बघितलं आणि डोक्यात आलं, हेच पाहिजे. आईने नंतर सांगितलं, तुझा करंजीचा साचा तो हाच! आणलं आणि करून बघितलं. दोन्हीकडे सारख्या लाटा पडल्या. एकदम झकास दिसत होतं, पण ती मी वाटेना. मग उजवीकडचे ओले करून पुसले, वाळवले आणि मशीन अगदी जेमतेम धरलं. तेव्हा बरोबर जमलं.

आई ड्युटीवरून आली आणि मला पाठमोरी बघून दारातच थांबली. मग कंगवा घेऊन सारखं करायला पुढे आली, मला वाटलं आता सगळं विसकटणार. पण तिने हात मागे घेतला, आत गेली आणि तुझं पत्र आणून माझ्या हातात दिलं. आत्या, मला कानाचं माहीतच नव्हतं. बाबांना वेणी येत नाही असंच मलाही वाटायचं. मी चिडवायचेसुद्धा. मग आम्ही दोघी खूप रडलो आणि जेवण विसरून बाबांबद्दलच बोलत बसलो. मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं वाटलं.

केस कापत नाही. आणि ह्यापुढे एक पत्र आईचं, एक माझं, असं ठरलंय. माझं अक्षर चालवून घे आणि लाड चालू ठेव.

तुझी,
निधी

ता. क. गणपतीला येताना केस धुऊन ये. तुझेही करून देणार आहे. उजव्या कानापाशी हात हलका ठेवीन.