मोरावर टेकलेली डासीण

सौ. विहीणबाई शकुबाईले आरमोरीकडून गिरजाबाईचा सप्रेम जयभीम. तुमचे गुडघे अन् जावईबापूची खाणीतली पाळी बरी चालली असंन. सत्यशीलेले सातवा लागला हे तुमच्या पत्रात वाचलं अन् मी एवढी खूश झाली का हातातलं तांदळाचं सूप खाटेवरच ठेवलं, त्याच्यावर आमचा म्हातारा बसला. (तांदूळ वाचले. सूप गेलं.)

बिनमायची नात, मीच वाढवली, ती पहिल्या बाळंतपणाले येणार, तं घर कसं दिसलं पायजे? पावसाळ्याच्या तोंडी मलेरियावाले भिंतीवर औषध फवारून गेले होते. त्याचे पांढरे डाग, वरतून वास. बाळंतिणीच्या डोळ्यापुढे अशी खरूज लागलेली भिंत बरी दिसते का? मी शेणामातीनं सगळ्या भिंती सारवल्या, वरून पांढऱ्या मातीचा पोतारा घातला अन् खाटेसमोर गेरूचा मोर काढला. (म्हातारा त्याले बदक म्हणते. त्याले चित्रातलं समजत नाई.)

मंग म्हातारा भर उन्हात कुडकुडाले लागला. गोधड्या कमी पडल्या तं मले म्हणे, तूच बस अंगावर. सायकलवर मलेरियाचा श्रावणभाऊ येते, त्यानं बोट टोचून काचेवर रक्त नेलं. रक्तात मलेरिया निघाला. गोळ्या द्याले आला तवा त्यानं मोर पाह्यला अन् म्हणाला, "आजी, मोर झकास आहे. पण औषध झाकून डासाले निजाले जागा केली तुम्ही."

त्यानं पुढं जे सांगतलं ते तुम्हीबी आयका. विहीणबाई, चावते ते डासीण. पोटुशी असते, अंड्यापायी तिले रक्त लागते. (डोहाळेच म्हणा. पहिले मले तिची कीव आली.) तापवाल्याचं रक्त पेऊन ती जड होते अन् जेवल्यावर आपण टेकतो तशी जवळच्या भिंतीले टेकते. भिंतीवर औषध असतं तं तिथीच मेली असती. माह्या मोरावर ती सुखानं निजते. तापाचे जंतू तिच्या पोटात वाढतात, धा-बारा दिवसांत तिच्या थुंकीत उतरतात (आपल्याकडे तेवढ्यात लेकराचं नाव ठेवून होते), अन् पुढच्याले चावली का ती थुंकी त्याच्या अंगात. तिथून काळजात (श्रावणभाऊ त्याले यकृत म्हणते), काळजातून रक्तात, अन् त्याले चावाले दुसरी डासीण तयारच. म्हणजे इकडून म्हातारा, तिकडून पोटुशी नात, अन् मधात माही सारवलेली भिंत.

तवापासून कानाजवळ गुं झालं का माहा जीव उडते. काल एक डासीण म्हाताऱ्याच्या गालावर बसली, मी चापट मारली. तो म्हणते, डासाचं नाव सांगून जुना राग काढला. डासीण उडून गेली हो. कोणाचं रक्त घेऊन कुठी गेली, त्याच्याच मागं मी घरभर फिरून राह्यली. सत्यशीलेची माय अशाच तापात गेली, तवा तिच्या पोटात दुसरं होतं. हे लिहायचं नव्हतं.

बाकी सगळं खुशाल.

तुमची,
गिरजाबाई

ता. क. पहिलं बाळंतपण माहेरी नाई केलं तं लोक मले नावं ठेवतीन. ठेवू द्या. तिले पाठवू नका. गाडीत बसली असंन तं उतरवून घ्या.

आणखी एक. तुम्ही म्हणान, मंग गिरजाबाई, तुम्हीच या. सकाळपासून मले बी थंडी भरली, अक्षर पाहूनच समजलं असंन. अशी आली तं तुमच्या घरच्या डासिणीले तुमच्या चंद्रपुरातच माह्या रक्तातून तापाचा माल भेटन. गोळ्या पुऱ्या करीन, श्रावणभाऊ हो म्हणंन, तवा येईन.

शेवटचं. उद्या फवारावाले पुन्हा येतात. मी सांगतलं, पहिले मोरावरच मारा. सत्यशीलेले मोराचं बोलू नका, नाईतं ती पाहाले येईन.