लेन्समध्ये दोष नाही

९ जानेवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मेहुण्यांना आता उशीला टेकवून बसवता येतं हे वाचून बरं वाटलं. माझी प्रकृती ठणठणीत आहे. बिघडलंय ते बाकी सगळं.

फोटो नीट करायचं माझं सॉफ्टवेअर परवा आपणहून नवं झालं. मला विचारलं नाही, सवरलं नाही. उजवीकडची बटणं डावीकडे गेली, आणि अक्षरं इतकी फिकट केलीत की आमच्यासारख्यांनी ती वाचूच नयेत अशी इच्छा असावी. पासवर्ड चुकला, तर त्याने समोर नऊ चित्रं मांडली. ज्यांत सिग्नल दिसतो ती निवड, म्हणजे तू माणूस असल्याची खात्री पटेल, म्हणे. चित्रं कसली, नुसता चिखल! पुन्हा पुन्हा नापास झालो. जन्मभर नकाशे काढून पोट भरलं मी, आणि यंत्राचं मत असं की मीच यंत्र आहे.

पण खरा ताप नव्या लेन्सचा. आमच्या जिन्याच्या कठड्याचे गज सरळसोट आहेत, तुला आठवत असतील. फोटोत ते मधोमध पोट सुटल्यासारखे वाकतात. फोकस म्हणशील तर कुठे भलतीकडेच धरतो. दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने माझ्यासमोर तपासली आणि म्हणाला की काका, लेन्समध्ये काही दोष नाही. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. बिचारा ऐकून घेत उभा राहिला.

दोन प्रिंट सोबत पाठवतोय. एक जिना, दुसरा खाली कोपऱ्यावर जोडे शिवणारा म्हातारा. किती वाईट आलेत ते तूच बघ. फोन करणार होतो, पण तुझ्या घशाच्या ऑपरेशननंतर फोनवर मी एकटाच बडबडतो आणि पलीकडून तुझा नुसता श्वास ऐकू येतो. ते मला सोसत नाही. त्यापेक्षा तुझं पत्र बरं.

मेहुण्यांना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझा,
दादा

*

२० जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दोन्ही फोटो मिळाले. आधी तुझी थट्टा करणार होते, की एवढा मोठा फोटोग्राफर, आणि सिग्नल ओळखता येईना. अरे, रस्ता ओलांडताना तरी ओळखतोस ना, असं लिहायचं होतं. पण फोटो बघितले आणि थट्टा राहिली.

दादा, फोटो वाईट नाहीत रे. त्या म्हाताऱ्याच्या अंगठ्याला सुईने पडलेली भोकं दिसतात. त्याच्या भुवईतला एक पांढरा केस वर वळलाय, तोही दिसतो. मला वाटलं माझंच काही चुकत असेल, म्हणून ह्यांच्या हातात दिले. हे अंथरुणात पडून असले तरी नजर अजून शाबूत आहे. ह्यांना माझ्यासारखं पाटीवर लिहावं लागत नाही; तोंडाने स्पष्ट सांगितलं की गज पट्टीने ओढल्यासारखे सरळ आहेत.

आणखी एक सांगते, रागावू नकोस. तुझं अक्षर म्हणजे छापल्यासारखं, मला त्यावरून शाळेत बोलणी बसायची. या वेळच्या पत्रात तुझी ओळ शेवटी शेवटी खाली घसरलीय आणि एके ठिकाणी तू लिहिलेल्यावरच पुन्हा लिहिलंयस. 

एक कर. खिडकीसमोर उभा राहा. आधी एक डोळा हाताने झाक, मग दुसरा, आणि खिडकीच्या गजांकडे बघ. कॅमेऱ्यातून नव्हे, तसाच बघ. काय दिसतं ते मला खरं कळव.

रागावलास तरी चार दिवसांत निवळ, आणि लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ठमी

*

४ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण नवी स्क्रीन घेतली आणि ती जोडण्यात दिवस गेले. जुन्या स्क्रीनचा मधला भाग विटला होता, हे माझ्या उशिरा लक्षात आलं. प्रिंट चांगले आले असतील तर ते दुकानातल्या यंत्राचं श्रेय. हल्ली यंत्रं वाकडं तिकडं आपोआप सरळ करतात. तुम्हाला त्यातलं कळत नाही, म्हणून वाद घालत नाही.

नवी स्क्रीनही सदोष निघाली. मधोमध करडा डाग. फडक्याने पुसला, ओल्या फडक्याने पुसला. परत देणार आहे.

आता तू विचारलंयस म्हणून सांगतो. खिडकीसमोर उभा राहिलो. डावा डोळा झाकला. गज वाकले, आणि मधे कुणीतरी अंगठा टेकवल्यासारखा डाग. मी काच पुसली, ठमे. मग खिडकी उघडली. काचच नव्हती समोर, तरी तो डाग तिथेच होता.

हवा धुकट आहे, त्याचा परिणाम असेल. बघतो.

दादा

*

१३ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बघतो नाही. हे पत्र हातात पडेल त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. मी स्वतः येऊन तुला दंडाला धरून नेलं असतं, पण ह्यांना कुशीवर वळवायला घरात माझ्याशिवाय कुणी नाही. मला इथून ओरडताही येत नाही. ओरडता आलं असतं तर शेजारपाजारच्यांनी दारं उघडून बघितलं असतं एवढी ओरडले असते.

एकटा जाऊ नकोस. कुणीच नसेल तर त्या दुकानदाराला ने. तू इतकं बोललास तरी तो ऐकून घेतो, म्हणजे माणूस चांगला असणार.

काय सांगतील ते सगळं लिही. माझ्यापासून राखून ठेवू नकोस. मीही माझ्या ऑपरेशनच्या वेळी तुझ्यापासून काही राखलं नव्हतं.

वाट बघतेय,
ठमी

*

१० मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

जाऊन आलो. दुकानदार दुकान बंद करून सोबत आला. मी लेन्सबद्दल बोलायला लागलो, तर म्हणाला की काका, आता ते राहू द्या, पायरी बघा.

डॉक्टरबाईंनी हनुवटी एका यंत्रावर टेकवायला लावली. तो कॅमेराच होता. डोळ्याच्या आतला फोटो काढतो. मी विचारलं की लेन्स कुठली. त्या हसल्या, म्हणाल्या की हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि बोट ठेवून दाखवलं, की हा तुमचा पडदा, हा त्याचा मधला भाग. त्यांनी जिथे बोट ठेवलं, नेमकं तेच मला दिसेना. मी हो हो म्हणत राहिलो. दुकानदाराच्या लक्षात आलं असावं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

तर असं. पडदा मधोमध झिजत गेलाय. उजवा गेला, डावा त्याच वाटेने निघालाय. गेलेलं परत आणील असं औषध नाही, चष्मा नाही, ऑपरेशन नाही. पूर्ण काळोख होणार नाही, कडेचं दिसत राहील, असं त्या मला धीर देण्यासाठी म्हणाल्या. म्हणजे खोली दिसेल, दार दिसेल, दारात माणूस उभा आहे हेही दिसेल. त्याचा चेहरा तेवढा दिसणार नाही. आणि वाचन जाईल.

कॅमेरा जाईल याचं मला आज काही वाटत नाही, उद्या वाटेल. पण परतताना रिक्षात बसल्यावर एकदम डोक्यात आलं, की मला फोनवर बोलता येतं आणि तुला येत नाही. तुझं जे काही माझ्यापर्यंत पोचतं ते कागदावरूनच. मग कसं करायचं, ठमे?

डाव्या डोळ्याच्या कडेने हे लिहितोय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील. सांभाळून घे.

तुझा,
दादा

*

१८ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

जाड शाईने लिहितेय. एका पानावर चारच ओळी मावतात.

तू इकडे ये. मागची खोली रिकामी आहे.

ह्यांनाही तू हवा आहेस. ते म्हणाले, की निदान मला बोलायला कुणीतरी मिळेल.

लवकर उत्तर दे.

तुझीच,
ठमी

*

२ जुलै

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे मी लिहीत नाही, बोलतोय. फोन ऐकतो आणि टाइप करतो. दुकानदाराने त्यात हे सॉफ्टवेअर घालून दिलं, आणि कागदही तोच छापून देणार आहे. काय उमटतंय ते मला वाचता येत नाही. मघाशी त्याने वाचून दाखवलं, तर ठमीच्या जागी प्रत्येक ठिकाणी कमी असं आलं होतं. त्याने दुरुस्त केलंय म्हणे.

दुसऱ्या एका सॉफ्टवेअरला समोरचं दृश्य ओळखता येतं. फोन आरशासमोर धरला, तर त्याने सांगितलं की वयस्क पुरुष, बहुधा हसत आहे. मी हसत नव्हतो. कॅमेऱ्याची बॅटरी काढून ठेवली, नाहीतर फुगते. लेन्स दुकानदाराला देऊ केली. तो नको म्हणाला, मग घेतली.

तुझ्याकडे येण्याचं खूप दिवस मनात घोळवलं. नाही येत. तुला दोन माणसं वळवायला लागतील हे एक, पण तेवढंच नाही. समोरासमोर बसलो तरी तू बोलू शकणार नाहीस आणि तू लिहिलेलं मला दिसणार नाही. तू समोर असून गप्प, हे मला झेपायचं नाही. इथे निदान टपालाची वाट बघता येते.

तुझी जाड शाईची पत्रं आता फोनच वाचतो. लिफ्टमध्ये मजला सांगणारी बाई असते ना, तसा आवाज. सा. न. वि. वि. हे ती एकेक अक्षर सुटं करून म्हणते. तू थट्टा करतेस ती आणि तुझ्या पाठीचं दुखणं, दोन्ही एकाच सुरात. पूर्वी पत्र उघडलं की तुझा ऑपरेशनच्या आधीचा आवाज आपोआप यायचा. आता आठवायला बसलो तर आधी ती बाई येते. तू मला दादा कसं म्हणायचीस ते काल बराच वेळ आठवत होतो.

आणि दुकानदार सांगत होता, की मागच्या पत्रात खाली तू दोन ओळी लिहून खोडल्या आहेत. फोनने त्या वाचल्या नाहीत, खोडलेलं त्याला कळत नाही. दुकानदाराला म्हटलं वाच, तर तो म्हणाला की ताईंनी खोडलंय, मी कसं वाचू. तुला ठाऊक नसेल, पण तुझं खोडलेलं मी आजवर नेहमी उजेडावर धरून वाचत आलो. मला तेच आधी वाचायचं असायचं.

या वेळी काय होतं ते आता कळवू नकोस. कळवलंस तरी मला ते ती बाईच सांगणार.

मेहुण्यांना नमस्कार. खाली सही माझ्या हातची आहे, कागदावर पडली असेल तर. माया असू दे.

तुझा,
दादा