तिरकी फाटलेली प्लेट

चाकण, बुधवार

ती. बाबा,
तुम्हांला आणि आईला सिद्धीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे. जेवण वेळेवर होतं, फक्त आपल्या पोदेराच्या गरम पावांची, उंड्यांची आठवण येते. आपल्या लाटंबार्शात काजू यंदा बरे धरलेत का? तुमचा खोकला?

तुम्ही खाणीवर चाळणीच्या प्लेटी बसवायचात, म्हणून हे तुम्हांलाच लिहिते. मी एका टाकीसाठी भोकांच्या प्लेटचं डिझाइन केलं. प्रत्येक भोक हिशोबात घेत नाहीत. प्लेट अखंडच, पण कमी ताठ मानतात. भोकं चौकोनी मांडणीत असली की ती तिरक्या दिशेला जास्त वाकते. मी मात्र सगळ्या दिशांना ताठपणाचा एकच आकडा धरला.

सोमवारी चाचणीत प्लेट तिरकी फाटली. वर उभा असलेला वेल्डर पांडुरंग खाली पडला. तो आपल्याच बाजूचा, सातार्ड्याचा. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

साहेब म्हणाले, "वेल्डिंग कच्चं होतं असं लिहू." मी नकार दिला आणि चूक माझी असल्याचं लिहून दिलं. नोकरी बहुतेक जाईल.

इस्पितळात पांडुरंग मलाच म्हणाला, "बाय, माझाच वेल्डिंग चुकला आसतला. तू वायट वाटून घेव नको."

मी त्याला खरं सांगितलं. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. आज पुन्हा गेले, तर त्याच्या बायकोनं दारातूनच परत पाठवलं. उद्या पुन्हा जाणार आहे, बाबा.

तुमची,
सिद्धी