पहिल्यापासून सगळं

बाळा,

तुझ्या एआयचे आगाऊ भरलेले क्रेडिट काल माझ्याच गप्पांत संपले, म्हणून सकाळी तुझं काम अडलं. संपले की आपोआप भरायची सोय मात्र सुरू करू नकोस. मला लगाम राहणार नाही आणि भुर्दंड तुझ्या कार्डाला.

जुन्याच गप्पा लांबवल्या की तो दर वेळी पहिल्यापासून सगळं वाचतो आणि तेवढे क्रेडिट कापतो, रोज नव्या सुरू करा, असं तू बजावलं होतंस. केल्या की. पण नव्या गप्पांत त्याला तुझी आईच माहीत नसते. ती गेली हे पुन्हा लिहवेना, म्हणून जुन्याच गप्पांकडे परतलो.

जेवण झाकून ठेवलंय. मी बागेत आहे.

लवकर आलीस तर माझ्यासाठी क्रेडिट भरू नकोस. तुला पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

बाबा