तीन नंबरची नळी

१८ नोव्हेंबर १९८५, सोमवार
झकास! नोकरी मिळाली, तीही खोलीसकट. मिल बंद पडल्यापासून गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकून होतो. आता मुलुंडला, डोंगराच्या कडेला, रायफल क्लबात राखणदार. दुरुस्तीसाठी क्लब बंद आहे, तोवर मी एकटाच. सेक्रेटरी चंद्रप्रकाश साहेब म्हणाले, "जयवंत, क्लब उघडेपर्यंत नीट सांभाळ, मग नोकरी पक्की." म्हणजे रुक्मिणीला गावाहून आणता येईल. लग्न होऊन चार वर्षं झाली, संसार म्हणावा तर गणपतीतला आणि शिमग्यातला.

१९ नोव्हेंबर
आज साहेबांनी रायफल पुसायला शिकवलं. आधी बोल्ट, म्हणजे मागचा सरकता खटका, काढायचा; तो नसला की गोळी सुटत नाही. गजाला चिंधी लावून नळीतून ओढायची, मग नळी उजेडाकडे धरून मागून आत बघायचं. किती दिवसांनी पुसायची, मी विचारलं. गोळी झाडली तर त्याच दिवशी. नाही झाडली तर महिन्यातून एकदा तेलाची चिंधी पुरे. रोज घासलीस तर नळीची वाट लागेल, म्हणाले. मिलमध्ये साच्यांना तेल घालण्यात माझी उमर गेली, हे काय कठीण? सगळ्या चिंध्या पांढऱ्याच निघाल्या. रायफली एका कपाटात, बोल्ट-काडतुसं दुसऱ्यात. दोन्ही चाव्या माझ्या करगोट्याला.

२४ नोव्हेंबर
करमत नाही. साच्यांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय. इथे दिवसभर तोंडाला कुलूप. आज भिंतीवरच्या पालीला रुक्मिणीच्या तक्रारी सांगितल्या. वेळ जाईना म्हणून रायफली काढल्या. तीन नंबरमधून चिंधी काळीकुट्ट आली. जळक्या दारूचा वास. अरे, झाडली कोणी? मी इथून हललोच नाही. पुसून ठेवली.

२७ नोव्हेंबर
रोज पुसतो, रोज काळी. नाक्यावरून साहेबांना फोन केला. रोज घासू नकोस म्हटलं होतं ना, म्हणाले, आणि दारू घेतलीस का, असंही विचारलं. आता पुन्हा सांगायची सोय नाही. नोकरी गेली तर खोली गेली.

२९ नोव्हेंबर
चहावाल्या सोनूबाईने आज सांगून टाकलं. माझ्याआधी इथे अंबादासभाऊ होते. मागेपुढे कोणी नाही. रोज संध्याकाळी तीन नंबर मांडीवर घेऊन पुसायचे, तिच्याशीच गप्पा मारायचे. एकदा कुणा मेंबराने आत गोळी तशीच राहू दिली होती. भाऊंनी बोल्ट न काढताच पुढून नळीला डोळा लावला आणि चाप ओढला गेला. म्हणून क्लब बंद. दुरुस्ती कसली डोंबलाची!
सोनूबाई म्हणाली, त्यांना नुसती सोबत हवी होती रे.

१ डिसेंबर
पुसायचीच नाही असं ठरवलं. भरदुपारी बंद कपाटातून गज ओढल्याचा आवाज. सावकाश, माझ्यासारखाच—

३ डिसेंबर
राहवेना. बिनबोल्टची तीन नंबर काढून नळी उजेडाकडे धरली. उजेड दिसेना. पलीकडे डोळा. पापणी लवली—
रायफल कपाटात टाकून कुलूप घातलं.

५ डिसेंबर
पळून जाऊ? मग रुक्मिणीला कुठे आणू? पुन्हा चार वर्षं? नाही.
गावाला घालतात तसं गाऱ्हाणं घातलं. कपाटापुढे नारळ, विडा ठेवला. म्हटलं, भाऊ, माका सोडा, सोबत दुसरी बघा. "व्हय म्हाराजा" अशी मागून साथ द्यायला दुसरं कोणी नव्हतं. कपाटाच्या आतून एकदा ठोकलं गेलं.

७ डिसेंबर
चिंधी पांढरी. वास नाही, आवाज नाही. सुटलो. पोटभर जेवलो.

८ डिसेंबर, रविवार
रुक्मिणी आली! न कळवता, गाववाल्यांबरोबर. म्हणाली, दोन-तीन रात्री कोणीतरी स्वप्नात येऊन चल म्हणतंय, राहवेना. मी हसलो. चहा झाला. ती आत बंदुकांची खोली झाडतेय, मी ओट्यावर लिहितोय. घरात बांगड्यांचा आवाज—

ती कोणाशी बोलतेय.

विचारलं, कोण गं? म्हणाली, "हे भाऊ बंदूक दाखयतत. एकच डोळो आसा ह्येंका. नळयेत बघ म्हणतत."

चाव्या माझ्या करगोट्याला आहेत. दोन्ही. आत बोल्ट बसल्याचा आवा—