मसुद्यात राहिलेला अहवाल

लिहून ठेवते मी, वय बासष्ट, अविवाहित, व्यवसाय कागद गिरणीच्या वेबसाइटची देखभाल, सध्या निवृत्त. माझे डोके ठिकाणावर आहे. उजव्या हाताची तीन बोटे मिटत नाहीत आणि डावा कान गेलेला आहे, म्हणून मी सांगते आणि माझी भाची टाइप करते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण कसे असते ते मला पुरते ठाऊक आहे. आज तसे काही नाही. माझ्या पश्चात पुढीलप्रमाणे व्हावे.

१. सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, आतल्या सामानासह, धाकट्या बहिणीला मिळावे. बँकेत उरेल तेही तिचेच. मागच्या खिडकीची खिट्टी ओढून लावावी लागते, हे तिला सांगून ठेवते. तिचा नवरा गिरणीच्या स्फोटात गेला. त्यानंतर मी घरी असताना तिने मला एकही दिवस एकटीने जेवू दिलेले नाही.

२. माझा संगणक, त्यातली गिरणीच्या वेबसाइटची पूर्ण नक्कल आणि मी चालवते ते स्फोटातल्या अकरा मृतांचे पान बहिणीच्या मुलीला, म्हणजे टाइप करणाऱ्या भाचीला. फोल्डरांची नावे तिने हौस म्हणून बदलू नयेत. दुवे तुटतात आणि आलेला माणूस रिकाम्या पानासमोर उभा राहतो. फाइलींना 'शेवटची', 'अगदी शेवटची' अशी नावे न देता तारीख द्यावी. अकरा नावांच्या पानावर फुलांची चित्रे टाकायची नाहीत. ("मावशी, एक तरी?" असे ती आत्ता विचारते आहे. नाही.)

३. गिरणीचा व्यवस्थापक हयात असल्यास त्याला काही देऊ नये; दारात आला तर पाणीही विचारू नये. रखवालदारांच्या मुकादमाला, ज्याला सगळे रेडा म्हणत, त्यालाही काही नाही. त्याच्याकडून घ्यायचे ते मी घेतलेले आहे: एक डोळा.

कारण लिहून ठेवते. सकाळी सव्वाअकराला दोन नंबरचा बॉयलर फुटला. माझ्या खोलीच्या काचा टेबलावर आल्या. खाली अंगणात माणसे पडली होती, काहींचे कपडे कातडीसकट निघाले होते. धाकटीच्या नवऱ्याला मी बुटांवरून ओळखले. चेहऱ्यावर ओळखण्याजोगे काही उरले नव्हते. तिसऱ्या दिवशी व्यवस्थापक रेड्याला घेऊन माझ्या खोलीत आला आणि त्याने आतून कडी लावली.

"सुरक्षेच्या पानावर लिही, दोन नंबर तपासला, ठीक आहे. मागच्या महिन्याची तारीख टाक. आणि निरीक्षकाचा तो अहवाल उडव."

दोन नंबर ताबडतोब बंद करावा, असे त्या अहवालात लिहिले होते.

"तारीख कोणतीही टाका, साहेब," मी म्हणाले. "बदल कोणी केला, कधी केला, ते यंत्रणा आपलं आपण नोंदवते. नाव माझं लागेल."

"मग लागू दे की."

मी नाही म्हणाले. रेड्याने माझा उजवा हात लोखंडी कपाटाच्या खणात धरला आणि खणावर लाथ मारली. हाडे मोडल्याचा आवाज आधी आला, कळ नंतर आली. दुसऱ्या लाथेला मी "करते" म्हणाले. डाव्या हाताने तारीख टाकली, अहवाल उडवला. दोघांना वाटले, गेला. उडवलेली फाइल तीस दिवस कचरापेटीत पडून असते, हे त्यांना कोण सांगणार? रेडा खात्री करायला पडद्याशी वाकला. आग विझवायचे नळकांडे भिंतीवर होते. ते मी डाव्या हाताने आणि उजव्या कोपराने उचलून त्याच्या तोंडावर घातले. तो पडल्यावर पुन्हा घातले. दुसऱ्यांदा घालायची गरज नव्हती; मला घालायचे होते.

व्यवस्थापक माणसे आणायला पळाला. मी कडी लावली, अहवाल कचरापेटीतून परत काढला आणि प्रकाशित केला. मग त्यांनी दार फोडले. माझा कान त्यांच्या बुटांनी गेला.

व्यवस्थापकाला सात वर्षांची कैद झाली, मला रेड्याच्या डोळ्याबद्दल दोन वर्षांची. सुटून आले तेव्हा लोक मला वाघीण म्हणू लागले. धाकटी चारचौघांत सांगायची, "माझी ताई होती म्हणून खरं बाहेर आलं."

४. अहवाल स्फोटानंतर फाइली चाळताना सापडला, असे मी न्यायालयात शपथेवर सांगितले. ते खोटे आहे. तो स्फोटाच्या एक्क्याण्णव दिवस आधी माझ्याकडे आला होता. "मसुद्यातच ठेव, वर विचारून सांगतो," असे व्यवस्थापक म्हणाला आणि मी ठेवला. पुढे तो 'मला माहीतच नव्हतं' हेच धरून बसला, त्यामुळे माझ्याविरुद्ध तोंड उघडायची त्याला सोय राहिली नाही. न्यायालयाने छापलेले पान मागितले. आतली नोंद कोणी मागितलीच नाही.

रोज सकाळी यादी उघडली की तो अहवाल दिसायचा. प्रकाशित करायला एक बोट पुरले असते आणि तेव्हा माझी दहाही बोटे धड होती. नोकरी जाईल, एवढीच भीती होती. धाकटीचा नवरा रोज दुपारी डबा खायला माझ्या खोलीत येई. मी त्याला खुर्ची दिली. सांगितले काहीच नाही.

यंत्रणेतली ही पूर्ण नोंद, अहवाल आल्याची तारीख दाखवणाऱ्या पहिल्या ओळीसकट आणि माझ्या नावासकट, भाचीने अकरा नावांच्या पानावर प्रकाशित करावी.

५. येथे भाचीने टाइप करणे थांबवले.

"मावशी, आईला माहीत आहे हे?"

"नाही."

ती उठली आणि आईला बोलावून घेऊन आली. धाकटीने उभ्यानेच वाचले. मग माझ्या थोबाडीत मारली, चांगल्या कानावर. मग केस धरून माझे डोके टेबलावर आपटले. ओठ फुटला. मी हात आडवा केला नाही.

"सोड, आई, मरेल ती!" भाची मध्ये पडली.

"एक्क्याण्णव दिवस!" धाकटी ओरडली. "एकदा तरी म्हणायचंस गं, त्याला उद्या घरी ठेव. कारणसुद्धा विचारलं नसतं मी. पाय बांधून ठेवले असते त्याचे."

मग तिने विचारले, "याच्यावर साक्ष कोणाची?"

"खालचे सायकलवाले. आणि अजून एक कोणीतरी," भाची म्हणाली. "तुला नाही करता येणार. ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष करायची नाही, असं वकिलांनी सांगितलंय."

"मग मला खोल्या नकोत. काढ माझं नाव. उद्या कोणी म्हणेल, म्हातारीला भ्रम झाला होता. सही मीच करणार."

सबब कलम १ रद्द समजावे. खोल्या, सामान आणि शिल्लक भाचीला मिळावी. हा बदल मी मार खाल्ला म्हणून केलेला नाही. तिने मागितला म्हणून केला आहे.

स्थळ: राहत्या घरी, स्वयंपाकघरातले टेबल.
तारीख: नऊ मार्च, दुपार.

लिहून ठेवणारीची सही, डाव्या हाताने.

साक्षीदार पहिला: सायकल दुरुस्त करणारा, तळमजला. मजकूर वाचलेला नाही. दोन्ही सह्या समोर झाल्या.

साक्षीदार दुसरी: लिहून ठेवणारीची धाकटी बहीण. सगळे वाचले. तिने माझ्या तोंडावर कबूल केले. मी माफ केलेले नाही.