रंभाबाईच्या मुलाची परीक्षा

सोलापूर,
ता. ११ फेब्रुवारी १९३४

प्रिय अक्का,

पाकिटावर माझं अक्षर दिसलं की तू ते उघडायला घुटमळशील, हे मला ठाऊक आहे. घाबरू नकोस, वाईट बातमी नाही. मी धडधाकट आहे. दाजींना माझा नमस्कार सांग. तेच वाचून दाखवतील. माझ्या तिरप्या ओळींना त्यांनी आधी पोटभर हसून घ्यावं आणि मग एकही शब्द न गाळता वाचावं.

काल माझी पाळक होण्याची परीक्षा झाली. पाळक म्हणजे आमच्या मंडळीचा गुरू. उपासना चालवायची, लेकरांना बाप्तिस्मा द्यायचा, लग्नं लावायची, मेलेल्यांना मातीआड करायचं. याच कामासाठी इथल्या कॉलेजात आम्हाला शिकवतात. आई पहिल्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेला आली होती, तुला आठवत असेल. सिद्धेश्वराचं दर्शन घेऊन, कपाळावर विभूती तशीच ठेवून, ती थेट आमच्या कॉलेजात आली. आमचे विरुपाक्ष गुरुजी अक्कलकोटकडचे, कानडी हेल काढून मराठी बोलणारे. त्यांनी तिला खुर्ची दिली, तर ती पायरीवरच बसली. मी काय शिकतोय ते तिने गुरुजींनाच विचारलं. पाळक व्हायला शिकतो, असं ते म्हणाले. आई म्हणाली, “म्हंजी राखण्या? आमच्याकडं मेंढरं राखाया कुणी साळा काढली न्हाय, मास्तर.” गुरुजी इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसू लागले. जाताना तिने माझ्या हातात शेंगाचटणीचं गाठोडं दिलं आणि कानात म्हणाली, “तुजा देव तुला. पर भाकरी कमी खाऊ नगंस.”

दुसऱ्या पावसाळ्यात ती गेली. तो ताप, ती बैलगाडी, सगळं तूच निभावलंस. मी पोचलो तेव्हा चिता विझत आली होती.

परत येऊन मी पुन्हा वर्गात बसलो. गुरुजी तेव्हा सिद्धांत शिकवत होते. तारण माणसाच्या पुण्याईने मिळत नाही, देव आपल्या मर्जीने निवडतो, ख्रिस्तावाचून दुसरा मार्ग नाही. हे सगळं मी आधीही शिकलो होतो आणि बिनचूक लिहिलंही होतं. पण आता प्रत्येक ओळीपाशी आई येऊन बसायची. माझ्या खोलीत राहणारा गुंडा नावाचा सोबती, पद्मशाली विणकरांचा मुलगा, मनाने साधा. तो एकदा सहज म्हणून गेला, “तुझी आई बाप्तिस्मा न घेता गेली, वाईट झालं.” मी ताटावरून उठलो. महिनाभर त्याच्याशी बोललो नाही.

अक्का, मी विश्वास सोडला नव्हता. ज्याने मला धरलं त्याचा हात मला सोडायचा नव्हता. पण माझ्या तोंडून आईला नरकात धाडायची वेळ आली, तर पाळकपद घ्यायचं नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं. कॉलेजात येण्याआधी मी ज्या गिरणीत कामाला होतो, तिथल्या जुन्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, भेटूनही आलो. तो म्हणाला, एक माग रिकामा आहे, कधीही ये.

आणि काल नेमकं तेच झालं. आमचं देऊळ, म्हणजे चर्च, भरलेलं होतं, खेड्यापाड्यांतून मंडळी आली होती. समोर पाळक आणि वडील बसले होते. वडील म्हणजे मंडळीने निवडलेले कारभारी. शास्त्राचे प्रश्न झाले, इतिहासाचे झाले, सगळं सुरळीत गेलं. मग कमलाकरराव उठले. हे पूर्वी शाळामास्तर होते, बोलायला कडक. पोरं त्यांना पाहून रस्ता बदलतात. त्यांनी विचारलं, “तुमच्या मातोश्री रंभाबाई ख्रिस्ती होत्या?”

नव्हत्या, असं मी सांगितलं.

“मग त्या आज कुठे आहेत? मंडळीला काय शिकवाल?”

मी म्हणालो, “मला ठाऊक नाही. निवडणारा देव आहे, हे मी इथेच शिकलो. त्याने कुणाला घेतलं आणि कुणाला नाही, हे त्याने मला सांगितलेलं नाही. माझ्या आईचा न्याय मी करणार नाही. ती नरकात आहे असं म्हटल्याशिवाय पाळक होता येत नसेल, तर मला होऊ देऊ नका.”

मला बाहेर पाठवलं. मी लिंबाखाली उभा राहिलो. पलीकडच्या अंगणात रंगवलेलं लाल सूत वाळत होतं, त्याच्याकडे नुसता बघत राहिलो. कॉलेजात स्वयंपाक करणारी काशम्मा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि मी तो संपवेपर्यंत थांबली. मी मनात गिरणीचा भोंगा ऐकू लागलो होतो.

आत बोलावलं तेव्हा कमलाकरराव उभेच होते. ते म्हणाले, “माझे वडील तुळशीला पाणी घालता घालता गेले. मी त्यांचा एकुलता मुलगा, आधीच बाटलेला. इतकी वर्षं मी ही धास्ती उरात घेऊन या बाकावर बसतोय. विचारायचं कुणाला? आज या पोराला विचारलं.” मग त्यांनीच सगळ्यांच्या आधी माझ्या बाजूने हात वर केला. एकामागून एक सगळे हात वर गेले. विरुपाक्ष गुरुजी मला एवढंच म्हणाले, “शास्त्र जिथं थांबतं तिथं तू थांबलास. बरं केलंस.”

अक्का, मी बाहेर येऊन गुंडाच्या गळ्यात पडलो आणि आम्ही दोघे वेड्यासारखे हसलो. मग नवी पेठ या टोकापासून त्या टोकापर्यंत उगीचच पायी फिरलो. काशम्माने वाढलेल्या भाकरी किती खाल्ल्या ते विचारू नकोस. छातीवरची धोंड उतरली की माणसाला एवढी भूक लागते, हे मला माहीत नव्हतं.

आता हे तुलाच का लिहितोय, ते सांगतो. आईच्या तेराव्याला तू सगळ्या भावकीसमोर मला उंबऱ्याबाहेर थांबवलंस आणि म्हणालीस, “तुज्या पुस्तकानं आयला कुटं धाडलंय, ते सांग. मग आत ये.” मी माघारी फिरलो आणि तेव्हापासून तुझ्या अकलूजची वाट चाललो नाही. तुझा राग मला कधीच आला नाही. तू आईच्या बाजूने उभी होतीस. आज माझ्याकडे उत्तर आहे, भर मंडळीत दिलेलं. ती कुठे आहे, मला ठाऊक नाही. ज्याने तिला घडवलं त्याच्या हाती ती आहे, आणि तो माझ्याहून तिला जास्त ओळखतो. याहून जास्त मला सांगता येत नाही, आणि याहून कठोर काही माझ्याकडून कुणी वदवून घेणार नाही. एवढ्यावर तू मला आत घेशील का? दाजींकडून दोन ओळी लिहून घे. तू ये म्हणालीस, तर मी दुसऱ्या दिवशी निघतो.

तुझाच धाकटा,
रावजी